शुश्रूषागृहातील सेवेचे मूल्यमापन : १९४९ चा मुंबई अधिनियम आणि पाचोडचा दाखला

१. विषयप्रवेश

महाराष्ट्रातील वैद्यकीय संस्थांचा इतिहास बहुधा वास्तू, देणगीदार आणि नामांकित चिकित्सक ह्यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. ह्या संस्थांत रुग्णास मिळणारी सेवा चांगली की वाईट, हे कोणी, केव्हा आणि कोणत्या मापाने ठरविले, हा प्रश्न त्या कथनात क्वचितच येतो. वास्तविक सेवेचे माप ठरविणे ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. जे माप स्वीकारले जाते त्यावरून कोणाची साक्ष ग्राह्य धरावयाची आणि कोणाची नाही, हेही ठरून जाते. नोंदणी अधिकाऱ्याची साक्ष, चिकित्सकाची साक्ष आणि रुग्णाची साक्ष ह्या तीन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष नेहमी जुळतातच असे नाही.

प्रस्तुत निबंधात ‘मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९’ हा कायदा, त्याचा अंमल आणि त्यानंतरचे मूल्यमापनाचे प्रयत्न ह्यांचा आढावा घेतला आहे. त्याच्या तुलनेसाठी पैठण तालुक्यातील पाचोड ह्या गावचा दाखला घेतला आहे. आढाव्यातून निघणारे प्रतिपादन थोडक्यात असे : मूल्यमापनाची दृष्टी प्रथम जागेवर, नंतर कृतीवर आणि सर्वांत शेवटी परिणामावर गेली, आणि परिणाम कळण्याचे स्थान शुश्रूषागृह नसून रुग्णाचे घर आहे, ही गोष्ट ज्या ग्रामीण भागात हा कायदा दीर्घकाळ पोहोचलाच नव्हता तेथेच अधिक स्पष्टपणे दिसून आली.

२. संज्ञेचा विचार

‘शुश्रूषागृह’ हा कायद्यातील प्रतिशब्द आहे. व्यवहारात ‘नर्सिंग होम’ किंवा नुसते ‘दवाखाना’ असे म्हणतात. महाराष्ट्रात ह्या नावाने सामान्यतः दहा-वीस खाटांचे, एका चिकित्सकाच्या अथवा चिकित्सक दांपत्याच्या मालकीचे खाजगी रुग्णालय ओळखले जाते, आणि त्यांतील पुष्कळशी प्रसूतिगृहे असतात. इंग्लंड-अमेरिकेत मात्र ह्याच शब्दाने आज प्रामुख्याने वृद्ध व परावलंबी व्यक्तींचे दीर्घकालीन निवासस्थान सूचित होते. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे चिकटले, ह्याचे उत्तर कायद्याच्या व्याख्येत सापडते. त्याचा विचार पुढे येईल.

‘शुश्रूषा’ हा मूळ संस्कृत शब्द ‘श्रु’ ह्या धातूच्या इच्छार्थक रूपापासून बनला असून त्याचा प्रथम अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. गुरूचे वचन ऐकण्यास उत्सुक असणारा शिष्य त्याची सेवा करतो, ह्या संबंधातून ‘सेवा’ हा अर्थ रूढ झाला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी असे चार पाद मानले असून प्रत्येकाचे चार गुण सांगितले आहेत. परिचारकाच्या ठायी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आस्था आणि शुचिता असावी, अशी अपेक्षा आहे. रोग्याच्या गुणांत स्मरणशक्तीबरोबरच आपली अवस्था नीट सांगता येणे, हाही एक गुण गणला आहे. सेवेच्या गुणवत्तेचे निकष सांगण्याची परंपरा नवी नाही आणि त्या परंपरेत रुग्णाच्या कथनालाही स्थान होते, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे. आधुनिक कायद्याने मात्र निराळा मार्ग पत्करला.

३. १९४९ चा अधिनियम : पूर्वपीठिका व स्वरूप

ह्या कायद्याचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथे खाजगी शुश्रूषागृहांची संख्या वाढली आणि त्यांच्या अवस्थेविषयी तक्रारी होऊ लागल्या. १९२६ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या प्रवर समितीने ह्या प्रश्नाची चौकशी केली व तिच्या शिफारशींस अनुसरून १९२७ चा नोंदणी अधिनियम संमत झाला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेल्या पंधराव्या अधिनियमाची घडण बव्हंशी ह्याच इंग्रजी कायद्यावरून घेतलेली आहे. त्या वेळी बाळासाहेब खेर ह्यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर होते आणि आरोग्य खाते डॉ. मंचेरशा गिल्डर ह्या नामांकित चिकित्सकाकडे होते. भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या अहवालाचा भर सरकारने उभारावयाच्या आरोग्यसेवेवर होता. मुंबईसारख्या शहरात वाढू लागलेल्या खाजगी शुश्रूषागृहांचे काय करावयाचे, ह्या प्रश्नास १९४९ च्या कायद्याने उत्तर दिले.

ते उत्तर नोंदणीचे होते. आजार, इजा किंवा दुर्बलता ह्यांनी ग्रस्त असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व त्यांची शुश्रूषा करण्यासाठी वापरली जाणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह, आणि त्यात प्रसूतिगृहाचा समावेश होतो, अशी व्याख्या करण्यात आली. नोंदणीशिवाय असे गृह चालविणे हा अपराध ठरला. अर्जदार अयोग्य असेल, जागेचे स्थान, बांधकाम किंवा व्यवस्था समाधानकारक नसेल, पुरेसा सेवकवर्ग व साधने नसतील, अथवा गृहाची देखरेख अर्हताप्राप्त चिकित्सक वा परिचारिकेकडे नसेल, तर नोंदणी नाकारण्याची मुभा स्थानिक अधिकाऱ्यास मिळाली. सरकारने किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेने चालविलेली रुग्णालये ह्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. परीक्षण करणारी सत्ता स्वतःच्या संस्था परीक्षणातून वगळते, ही रचना त्या काळास अनुसरून असली तरी तिचे परिणाम दूरगामी झाले.

ह्या कायद्यातील सर्वांत बोलके कलम तपासणीविषयीचे आहे. आरोग्य अधिकाऱ्यास शुश्रूषागृहात प्रवेश करून जागा पाहण्याचा आणि कायद्यानुसार ठेवावयाची नोंदपुस्तके तपासण्याचा अधिकार दिलेला आहे. त्याच कलमास एक परंतुक जोडलेले आहे : कोणत्याही रुग्णासंबंधीची वैद्यकीय नोंद तपासण्याचा अधिकार ह्या कायद्याने अधिकाऱ्यास मिळतो असे समजले जाणार नाही. १९२७ च्या इंग्रजी कायद्यातील परंतुकाशी ते जुळणारे आहे. त्यामागील हेतू निंद्य म्हणता येणार नाही. रुग्ण व चिकित्सक ह्यांच्यातील गुप्तता राखणे हे वैद्यकीय नीतीचे एक प्राचीन तत्त्व असून नगरपालिकेच्या अधिकाऱ्याने एखाद्या स्त्रीच्या प्रसूतीचे वा गर्भपाताचे कागद चाळावेत, ही कल्पना त्या काळच्या समाजास रुचणारी नव्हती. तथापि त्याचा व्यावहारिक अर्थ असा झाला की, अधिकाऱ्याने भिंती, खाटा, शौचालये व प्रमाणपत्रे पाहावीत. खाटेवर पडलेल्या माणसास काय झाले, ते पाहू नये. कायद्याने गृहाची नोंदणी केली. शुश्रूषेची परीक्षा मात्र केली नाही.

४. अंमल : मुंबईतील न्यायालयीन प्रकरण व त्याचा परिणाम

हे मर्यादित परीक्षणदेखील प्रत्यक्षात फारसे झाले नाही. दीर्घकाळ कायद्याचा अंमल मुंबई, पुणे, सोलापूर, नागपूर ह्यांसारख्या मोजक्या शहरांपुरता राहिला आणि त्या शहरांतही नोंदणी हा पुष्कळदा शुल्क भरून नूतनीकरण करण्याचा उपचार होऊन बसला. १९९० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी मुंबई उच्च न्यायालयात ह्या प्रश्नावर जनहित याचिका दाखल झाली. ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ ह्या जनारोग्याचा विचार करणाऱ्या चिकित्सकांच्या व कार्यकर्त्यांच्या गटाचा तीस पाठिंबा होता. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीच्या कामाच्या ओघात मुंबईच्या पूर्व भागातील २४ खाजगी रुग्णालये व शुश्रूषागृहे पाहण्यात आली. सुनील नांदराज ह्यांनी १९९४ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये ह्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. निम्म्याहून अधिक संस्था निवासी इमारतींत थाटलेल्या होत्या; काही पत्र्याच्या वा ॲसबेस्टॉसच्या छपराखाली चालत होत्या. अर्हताप्राप्त परिचारिकांचा अभाव हा सर्वसाधारण दोष होता. त्यानंतर नांदराज व रवी दुग्गल ह्यांनी ‘सेहत’ ह्या संशोधन केंद्राच्या वतीने सातारा जिल्ह्यातील खाजगी दवाखाने व रुग्णालये ह्यांच्या भौतिक दर्जाचा अभ्यास केला आणि ग्रामीण भागातील स्थिती प्रकाशात आणली.

ह्या पाहण्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. ज्या क्षेत्राविषयी केवळ ऐकीव गोष्टी होत्या त्याविषयी प्रथमच मोजलेली माहिती उपलब्ध झाली. मात्र मोजले गेले ते पुन्हा जागा, साधने आणि सेवकवर्ग हेच. कायद्याने आखून दिलेल्या चौकटीत कायद्याची अंमलबजावणी तपासताना अभ्यासकांनाही त्याच चौकटीत वावरावे लागले.

रुग्णाच्या नोंदीचे बंद दार दुसऱ्या बाजूने उघडले. १९८६ चा ग्राहक संरक्षण अधिनियम मूल्य घेऊन केलेल्या वैद्यकीय सेवेस लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णास वा त्याच्या नातेवाइकांस उपचाराचे कागद मिळण्याचा हक्क मान्य केला. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनी आंतररुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपून ठेवणे आणि मागणी केल्यास त्या ७२ तासांच्या आत देणे चिकित्सकांवर बंधनकारक केले. अशा रीतीने जी नोंद सरकारी तपासनिसास पाहण्यास मनाई होती ती स्वतः रुग्ण मागू शकला. हा बदल मोठा असला तरी त्याचे स्वरूप तक्रारीचे आहे. एखादी सेवा सामान्यतः कशी आहे हे तक्रारीतून कळत नाही. फार तर ती कोठे बिघडली एवढे कळते. शिवाय तक्रार करण्यास साक्षरता, वेळ, पैसा आणि धैर्य लागते. विनामूल्य सेवा घेणारा रुग्ण तर १९९५ च्या निर्णयाने सर्वसाधारणपणे ह्या संरक्षणाच्या बाहेरच राहिला.

२००५ च्या दुरुस्तीने शुश्रूषागृहांचा कायदा राज्यभर लागू झाला आणि पुढे त्याच्या नावातील ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापनाविषयक कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. त्याऐवजी १९७३ च्या राज्य नियमांत जानेवारी २०२१ मध्ये विस्तृत दुरुस्ती केली. रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागी लावणे, दरपत्रक प्रसिद्ध करणे आणि स्थानिक प्राधिकरणाने तक्रार निवारण कक्ष चालविणे ह्या तरतुदी त्या दुरुस्तीने आल्या. नोंदणीच्या कायद्यात रुग्णाचा आवाज प्रथमच अधिकृतपणे शिरला, हे ह्या नियमांचे ऐतिहासिक महत्त्व होय.

५. जागा, कृती आणि परिणाम

वैद्यकीय सेवेच्या मूल्यमापनाची आज सर्वमान्य असलेली परिभाषा ॲव्हेडिस डोनाबेडियन ह्यांच्या १९६६ च्या लेखापासून रूढ झाली. त्यांनी रचना, प्रक्रिया व परिणाम असे तीन स्तर सांगितले. रचनेत जागा, साधने व मनुष्यबळ येते. प्रक्रियेत प्रत्यक्ष केलेली चिकित्सा व शुश्रूषा येते. आणि परिणामात रुग्णाच्या प्रकृतीत पडलेला फरक येतो. चांगल्या रचनेतून चांगली प्रक्रिया व तीतून चांगला परिणाम निष्पन्न होण्याचा संभव वाढतो; तो निश्चित होत नाही. ह्या परिभाषेत सांगावयाचे तर १९४९ च्या अधिनियमाने पहिला स्तर स्वीकारला, दुसरा प्रतिबंधित केला आणि तिसऱ्याचा उल्लेखच केला नाही.

परिणाम मोजण्याची कल्पना डोनाबेडियन ह्यांच्याही पूर्वीची आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी १८६० च्या सुमारास सर्व रुग्णालयांसाठी समान सांख्यिकी नमुने सुचविले होते. त्यांच्या रुग्णालयविषयक ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत लंडनच्या २४ रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ९० हून अधिक असल्याचे कोष्टक छापले गेले आणि त्यावरून मोठा वाद उद्‍भवला. वर्षभरातील मृत्यूंना एका विशिष्ट दिवशी रुग्णालयात असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागल्यामुळे तो भयंकर आकडा निघाला होता. अंश बरोबर असूनही छेद चुकला की अनुमान कसे फसते, ह्याचे हे उत्तम उदाहरण आहे. ह्या छेदाचा प्रश्न पुढे पाचोडच्या संदर्भात पुन्हा येतो.

दुसरे उदाहरण शुश्रूषागृहाच्याच आकाराचे आहे. बोस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन ह्यांनी १९११ मध्ये अवघ्या १२ खाटांचे खाजगी रुग्णालय काढले. प्रत्येक रुग्णाचा घरी गेल्यानंतरही पाठपुरावा करून उपचार सफल झाला की नाही आणि झाला नसल्यास का, हे लिहून ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. १९११ ते १९१६ ह्या अवधीत घरी पाठविलेल्या ३३७ रुग्णांच्या बाबतीत १२३ चुका झाल्याचे त्यांनी स्वतः प्रसिद्ध केले. व्यवसायबंधूंना हे मानवले नाही आणि ते रुग्णालय टिकले नाही. परंतु लहान खाजगी संस्थेस स्वतःची परीक्षा घेता येत नाही, हा आक्षेप कॉडमन ह्यांच्या वह्यांनी कायमचा खोडून काढला.

कृती सुधारली की परिणाम आपोआप सुधारतो, असेही नाही. उत्तर प्रदेशातील २४ जिल्ह्यांतील १२० प्रसूतिकेंद्रांत जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची तपासणी-सूची वापरून एक मोठा प्रयोग करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सूतिकाकर्मींच्या आचरणात लक्षणीय सुधारणा झाली, पण माता व अर्भके ह्यांच्या मृत्यूंत अपेक्षित घट आढळली नाही. महाराष्ट्रात प्रसूतितज्ज्ञांच्या राष्ट्रीय महासंघाने ‘मान्यता’ ह्या उपक्रमाद्वारे खाजगी प्रसूतिगृहांसाठी १६ चिकित्साविषयक निकष घालून दिले आहेत. जागेच्या पलीकडे जाऊन कृती तपासण्याचा हा स्तुत्य प्रयत्न होय. उत्तर प्रदेशातील प्रयोगाचा धडा एवढाच की, तेथेही थांबून चालणार नाही.

६. पाचोडचा दाखला

१९४९ मध्ये मुंबईत हा अधिनियम संमत झाला तेव्हा पाचोड त्या राज्यात नव्हतेच. सोलापूर-धुळे महामार्गावर छत्रपती संभाजीनगर आणि बीड ह्यांच्या दरम्यान वसलेले हे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली आणि त्यानंतर हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. त्याच १९५६ साली औरंगाबाद येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. लोकांत ‘घाटी’ ह्या नावाने ओळखले जाणारे त्याचे रुग्णालय हाच भोवतालच्या खेड्यांचा मोठा आधार ठरला. शुश्रूषागृह नोंदणीचा अधिनियम मात्र पाचोडसारख्या गावी राज्यपुनर्रचनेनंतरही जवळजवळ अर्धशतक पोहोचला नाही. गावातील खाजगी दवाखाने कायद्याच्या अमलाबाहेर, तर शासकीय आरोग्य संस्था त्याच्या व्याख्येबाहेर, अशी ही स्थिती होती.

ह्याच गावी १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. अशोक दयालचंद ह्यांनी सर्वंकष आरोग्य व विकास प्रकल्प सुरू केला. ह्याच कामातून ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड’ ही संस्था उभी राहिली. ह्या प्रयत्नाची पार्श्वभूमी मराठवाड्याच्या सीमेवरच होती. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० पासून गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यास प्रारंभ केला होता. पाचोडच्या संस्थेचे वैशिष्ट्य असे की, तिने सेवा देण्याइतकेच सेवेचे व्यवस्थापन व मोजमाप ह्यांना महत्त्व दिले. संस्थेच्या पद्धतीत गावपातळीवरील कार्यकर्ती दर महिन्यास घरोघर जाते, गर्भवती, बाळंतीण, नवविवाहिता किंवा अर्भक ह्यांची विचारपूस करते, कोणास कोणती सेवा हवी आहे आणि कोणास ती मिळाली नाही ह्याची नोंद ठेवते, आणि त्या नोंदीवरून पुढील महिन्याचे काम ठरते. विवाहित किशोरींच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात ही मासिक घरभेट केंद्रस्थानी होती.

मूल्यमापनाच्या दृष्टीने ह्या साध्या दिसणाऱ्या पद्धतीत एक मोठा विपर्यास आहे. शुश्रूषागृहाच्या नोंदवहीत जो येतो त्याचीच नोंद होते. जो आलाच नाही, जो येऊन परत गेला, किंवा जो बरा न होता घरी पोहोचला, त्याची नोंद होत नाही. घरभेटीच्या वहीत मात्र गावातील प्रत्येक पात्र व्यक्ती आरंभापासून असते. नाइटिंगेल ह्यांच्या कोष्टकात जो छेद चुकला होता तो येथे आपोआप योग्य ठिकाणी येतो. प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवशी घरी परतलेल्या बाईस दहाव्या दिवशी ताप आला, तर तो ताप प्रसूतिगृहाच्या लेखी अस्तित्वातच नसतो. घरी जाणाऱ्या कार्यकर्तीच्या वहीत तो असतो, आणि सेवेच्या गुणवत्तेविषयी तो प्रसूतिगृहाच्या फरशीपेक्षा अधिक सांगतो.

पाचोडच्या संस्थेने परिणाम मोजण्याची हीच शिस्त रुग्णसेवेच्या पलीकडेही नेली. अविवाहित किशोरींसाठी तिने १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वर्षभराचा जीवनकौशल्य अभ्यासक्रम चालविला. त्याचे मूल्यमापन स्त्रीविषयक संशोधनाच्या एका आंतरराष्ट्रीय केंद्राच्या सहकार्याने, कार्यक्रमाचा भाग व तुलनेचा भाग असे दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून, करण्यात आले. किती मुली वर्गास आल्या ह्यावर न थांबता गावात मुलींची लग्ने कोणत्या वयात होतात हे पाहिले गेले. कार्यक्रमाच्या भागात विवाहाचे मध्यक वय १६ वरून १७ वर गेल्याचे दिसून आले. एका वर्षाचा हा फरक वरकरणी लहान भासेल. पण उपस्थितीपटातून तो कधीच दिसला नसता.

गडचिरोलीतील संशोधनाने ह्याच दृष्टीस बळकटी दिली. डॉ. राणी व डॉ. अभय बंग ह्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी होऊन त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. कोणत्याही दवाखान्याच्या नोंदींवरून हे आजारपण उघडकीस आले नसते. १९९९ च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात ३९ गावांत नवजात अर्भकांची घरीच काळजी घेतल्याने नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून २५.५ पर्यंत उतरल्याचे दिसले. प्रत्येक जन्म व मृत्यू घरी जाऊन नोंदविल्याशिवाय हे सिद्ध करता आले नसते.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. स्वयंसेवी संस्थेचे मनुष्यबळ आणि जिद्द सर्वत्र नसते. शिवाय घरभेटीत कळलेली माहिती गुप्त कशी राहणार? १९४९ च्या परंतुकामागील चिंता येथे पुन्हा उभी राहते, आणि ती अवास्तव नाही. परंतु ह्या दोन पद्धतींत एक मूलभूत भेद आहे. तपासनीस रुग्णाला वगळून त्याचा कागद पाहतो. कार्यकर्ती कागदाला वगळून रुग्णाला विचारते. पहिल्या प्रकारात गुप्तता रुग्णाच्या संमतीवाचून मोडते, दुसऱ्या प्रकारात काय सांगावे व काय सांगू नये हे रुग्णाच्या हाती राहते. मनुष्यबळाच्या प्रश्नाचेही स्वरूप बदलले आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाल्यापासून आशा कार्यकर्ती खेडोपाडी आहेत आणि नवजात अर्भकासाठीच्या घरभेटी त्यांच्या कामाचा भाग आहेत. त्या भेटींतून जमणारी माहिती ज्या रुग्णालयात प्रसूती झाली त्याच्याकडे परत गेल्यास मूल्यमापनाचे चक्र पूर्ण होऊ शकते.

७. व्याख्येतील तिसरा शब्द : दुर्बलता

१९४९ च्या व्याख्येत आजार व इजा ह्यांच्या जोडीस दुर्बलता हा तिसरा शब्द होता. म्हाताऱ्या, परावलंबी माणसांची शुश्रूषा करणारे गृह त्या शब्दाने कायद्याच्या कक्षेत येऊ शकले असते. इंग्रजी ‘नर्सिंग होम’चा आजचा अर्थ ह्याच शब्दातून वाढलेला आहे. महाराष्ट्रात तो शब्द व्यवहारात निष्प्रभ राहिला, कारण वृद्धांची काळजी हा कुटुंबाचा किंवा दानधर्माचा विषय मानला गेला. पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात डेव्हिड ससून ह्यांच्या देणगीतून निघालेले अनाथ पंगू गृह, म्हणजेच आजचे ‘निवारा’, हे ह्या दानपरंपरेचे ठळक उदाहरण होय. राज्य शासनाने १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आखली. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहविषयक केंद्रीय अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम असण्याची कल्पना मांडली आणि वृद्धाश्रमांतील सेवेचे निकष ठरविण्याचे काम राज्यांवर सोपविले. ह्या साऱ्या व्यवस्थेचा कल निवाऱ्याकडे आहे. शुश्रूषेच्या परीक्षेचा विचार त्यात गौण आहे.

परदेशांत हा विचार कसा पुढे गेला, हे पाहणे उद्‍बोधक ठरते. पीटर टाउनसेंड ह्यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ वृद्धनिवासांस भेटी देऊन, तेथील रहिवाशांशी बोलून लिहिलेला ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. खोली स्वच्छ असूनही माणूस एकाकी, परतंत्र व निरुद्योगी असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. अमेरिकेत १९८६ च्या एका राष्ट्रीय अभ्यास-अहवालानंतर १९८७ मध्ये कायदा होऊन तपासणीचा रोख साधनांवरून रहिवाशांकडे वळला. प्रत्येक रहिवाशाच्या अवस्थेचे ठराविक कालांतराने समान नमुन्यावर मूल्यांकन करणे आणि तपासनिसाने रहिवाशांशी स्वतः बोलणे बंधनकारक झाले. शय्याव्रण किती जणांस झाले, किती जणांस बांधून ठेवले जाते, ह्यांसारखे प्रश्न अधिकृत ठरले.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील सुमारे १० टक्के लोकसंख्या साठीच्या पुढची होती. पाचोड परिसरासारख्या अवर्षणप्रवण भागातून तरुण मंडळी कामासाठी शहरांकडे व ऊसतोडीसाठी इतर जिल्ह्यांत जातात, तेव्हा वृद्ध गावीच राहतात. त्यांची शुश्रूषा घरी, वृद्धाश्रमात की दवाखान्यात, कोठेही होवो. ती कशी होते हे पाहणारी नजर मात्र अद्याप घडलेली नाही. व्याख्येतील तो तिसरा शब्द पाऊणशे वर्षे वाट पाहत उभा आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, १९४९ च्या अधिनियमाचे अपयश केवळ ढिल्या अंमलबजावणीचे नव्हते. तो पूर्णपणे अमलात आला असता तरी त्याने जागेचीच परीक्षा केली असती, कारण शुश्रूषेच्या नोंदीकडे पाहण्याचे त्याने स्वतःच नाकारले होते. दुसरी अशी की, १९९५ नंतर रुग्णास मिळालेले हक्क मौल्यवान असले तरी त्यांतून गुणवत्तेचे सर्वसाधारण चित्र उभे राहत नाही. त्यासाठी तक्रार न करणाऱ्यांचीही साक्ष लागते. तिसरी अशी की, ही साक्ष मिळविण्याची रीत मराठवाड्यातील व विदर्भातील खेड्यांत गेल्या चार-पाच दशकांत प्रत्यक्ष वापरून पाहिली गेली आहे, आणि तिच्यासाठी यंत्रसामग्रीपेक्षा नियमित घरभेट व प्रामाणिक वही ह्यांचीच गरज अधिक भासली.

ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आणण्याचे काम अद्याप शिल्लक आहे. एका बाजूस नोंदणी प्राधिकरणाकडे शुश्रूषागृहांची यादी आहे, दुसऱ्या बाजूस आशा कार्यकर्तीकडे घरांची यादी आहे. ह्या दोन याद्या परस्परांशी बोलत नाहीत. एखाद्या तालुक्यात प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी प्रत्येक मातेस तिची व अर्भकाची प्रकृती कशी आहे आणि तिला कशी वागणूक मिळाली, एवढे दोनच प्रश्न विचारून त्यांची उत्तरे प्रसूतिगृहनिहाय मांडली, तर जागेच्या शंभर तपासण्यांतून न मिळणारे ज्ञान हाती येईल. सार्वजनिक आरोग्य, समाजशास्त्र व विधी ह्या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हे काम मराठवाड्यातील एखाद्या तालुक्यात सुरू करता येण्याजोगे आहे. शुश्रूषा ह्या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा असेल, तर तिच्या मूल्यमापनाची पहिली पायरीही ऐकण्याचीच असली पाहिजे.